टेलच्या माणसाचा भूगोल

दोस्तहो, बारामती म्हटलं की लोकं दोनच गोष्टी बोलतात. एक विकास, नाहीतर एका घराचं राजकारण. दोन्हींवर इतकी शाई सांडलीय की आणखी एक थेंब टाकायची माझी इच्छा नाही. इंदापूरच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही. सोलापूर हायवेवरचा एक थांबा, उजनीचं पाणी आणि भिगवणचे परदेशी पक्षी. संपलं.

आमच्या यार्डातला एक शिकलेला सुपरवायझर मला म्हणाला, "तुम्ही बारामतीकडचे ना? मग तुम्हाला इथं पोती उचलायची काय गरज?" माणूस खोचक नव्हता, भाबडा होता. टीव्हीवर दिसणारी बारामती त्याला खरी वाटते. मी न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये माल भरतो. साखरेची निर्यात सरकार उघडतं तेव्हा वीस फुटी डब्यात पन्नास किलोची पाचशेच्या आसपास पोती लागतात. चार-पाच जणांच्या गँगनं. पोत्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, एम-३०, एस-३० असा दाण्याचा दर्जा असतो, साल असतं. कधी कधी आमच्याच मुलखातल्या कारखान्याचं पोतं पाठीवर येतं. गोदीतल्या माणसाला गावाची याद यायला एवढं पुष्कळ.

तर सवाल बरोबर आहे. जिथं साखरेचे एवढे कारखाने, दूधसंघ, एमआयडीसी, कॉलेजं, तिथला पोरगा मॅट्रिक होऊन गोदीत का? ह्याचं उत्तर माझ्या नशिबात नाही, माझ्या आळसात पण नाही. ते ह्या दोन तालुक्यांच्या भूगोलात आहे. आणि भूगोल म्हंजे शाळेतला नव्हे.

शाळेतला भूगोल आम्ही पाठ केलाय. पुणे जिल्ह्याच्या नकाशाला आग्नेय दिशेला एक शेपूट आहे, ते आम्ही. वरनं भीमा, खालनं नीरा. दोघी नीरा-नरसिंगपूरला भेटतात आणि तिथंच जिल्हा संपतो. मधनं कऱ्हा येते पुरंदरातनं, मोरगावच्या गणपतीला वळसा घालून बारामतीतनं सोनगावला नीरेत पडते. पाऊस सह्याद्रीवर सगळा सांडून येतो, आमच्यापर्यंत ढगाची नुसती सावली पोचते. वर्षाला वीस इंच म्हंजे बरं साल. हे झालं पुस्तकातलं.

खरा भूगोल एका रेघेचा आहे. ती रेघ म्हंजे नीरा डावा कालवा. रेघेच्या खाली ऊस, बंगले, पतसंस्था, ट्रॅक्टरचे शोरूम. रेघेच्या वर सुपे, मोरगाव, उंडवडीकडचा जिरायती पट्टा. तिथं उन्हाळ्यात टँकर. आणि रेघेच्या शेवटाला, इंदापूरच्या अंगाला, टेलची गावं. टेल हा शब्द आमच्याकडं अडाणी बाईलाही कळतो. पाटाचं पाणी सुटतं तेव्हा हेडवाला पोटभर घेतो, मधला चोरून घेतो, टेलला येतं ते ओलसर डांबरट तोंड दाखवून जातं. बावीस गावांच्या पाण्याचा प्रश्न इंदापुरात प्रत्येक निवडणुकीला नव्यानं जन्माला येतो आणि निकालाच्या दिवशी मरतो. २०१९ साली नीरेचं पाणी डाव्या कालव्याचं की उजव्याचं, बारामती-इंदापूरचं की माळशिरस-फलटणचं, ह्यावर मोठे मोठे पुढारी भांडले. सरकार बदललं तसा हुकूम बदलला. दोन्ही काठांवर आमच्या वस्त्या आहेत. त्यांच्या वाट्याला डाव्याचं पाणी नाही आणि उजव्याचं पण नाही, कारण पाणी जमिनीला मिळतं, माणसाला मिळत नाही. ज्याला जमीन नाही तो टेलच्याही टेलला.

आता इतिहास. इंदापूरच्या गढीचं नाव मालोजीराजांशी जोडलेलं आहे, शिवरायांचे आजोबा तिथंच लढाईत पडले. सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता. भीमथडीची तट्टं दिल्लीपर्यंत दौडली. ह्या सगळ्याचा आम्हालाही अभिमान आहे, कुणी तो हिसकावून घ्यायला येऊ नये. पण तट्टाला गवत कोण कापून घालत होतं, मेलेलं तट्टू गावाबाहेर कोण ओढत होतं, हे कुठल्या बखरीत वाचायला मिळेल ते सांगा.

बारामतीत मोरोपंत झाले. १७२९ ला पन्हाळ्यावर जन्मले, बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले, १७९४ ला वारले. मीही कविता लिहितो म्हणून पंतांशी माझं भांडण आहे. माणूस कष्टाळू होता, हे कबूल. एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हंजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं रामायण! प, फ, ब, भ, म वर्ज्य. काय ही कारागिरी! आमच्या म्हाताऱ्यांनी तर सबंध आयुष्य तोंड न उघडता काढलं, त्याला काय वृत्त म्हणायचं? कऱ्हेच्या काठी मात्रा मोजल्या जात होत्या तेव्हा त्याच गावचा येसकर दारोदार भाकरी मागत होता, सांगावे पोचवत होता, सारा घेऊन पुढं पळत होता. पंतांचं स्मारक झालं, व्हायला हवंच. आमचं म्हणणं एवढंच की भाषा फक्त वाड्यात घडत नव्हती.

पण पेशवाई सोडा, तिला शिव्या देऊन आता पोट भरत नाही. आपल्याला अडवणारी खरी गोष्ट १८३६ ला सुरू झाली, ती आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. पेशवाई गेल्यावर इंग्रजांच्या प्रिंगल साहेबानं जमिनीवर सारा बसवला, तो इतका भारी की इंदापूरची रानं ओस पडली, लोकं गावं सोडून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन साहेबांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी केली. शेताशेताला नंबर दिला, प्रत ठरवली, आकार ठरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. सगळ्या मुंबई इलाख्यात पुढं जी रयतवारी मोजणी झाली तिचा पाया आपल्या इंदापुरात पडला. आज सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर आणि आकार दिसतो त्याचं मूळ तिथं. जगाच्या महसुली इतिहासात आपल्या तालुक्याचं नाव आहे, बरं का!

त्या मोजणीत धरतीच्या तुकड्याला नंबर मिळाला आणि तुकड्यासमोर नाव लागलं. पाटलाचं नाव, कुणब्याचं नाव, इनामदाराचं नाव. आमचं काय लागलं? जुने कागद ज्यानं बघितलेत त्याला ठाऊक आहे, आमच्या हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीसमोर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, 'महार समस्त'. माणसाचं नाव नाही. बापाचं नाव नाही. समस्त! म्हंजे एकाच्या नावावर नाही आणि सगळ्यांच्या पायात बेडी. त्या जमिनीच्या बदल्यात रातदिस गावकी. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते ह्याच बेडीसाठी. बेडी तुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. ह्या गोष्टीकडं मी परत येणार आहे, कारण आजचा सगळा खेळ तिथंच चालू आहे.

मधे काय झालं ते पटकन सांगतो. तीस वर्षं संपल्यावर सारा वाढवला. अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला आलेला भाव युद्ध थांबल्यावर कोसळला, सावकारानं गळा धरला. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. तिथं शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, आणि आग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. हाच तो दख्खनचा दंगा. त्यातनं १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा निघाला. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. तिथं ह्या बंडाची याद किती पोरांना आहे ते तिथल्या मास्तरांनी सांगावं. मला त्या बंडाबद्दल आदर आहे. पण कर्जखत लिहून द्यायला आधी गहाण टाकण्याजोगी जमीन लागते. जो सालगडी आपली पोरं गहाण टाकत होता त्याचं खत कुठल्या पेटीत होतं, जे जाळता आलं असतं?

लगेच पुढल्या साली दुष्काळ. १८७६-७७. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी, रस्ते, तलाव आणि नीरेचा डावा कालवा. मजुरी कापली तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो लोकांनी काम टाकून दिलं. उपाशी माणसांचा संप! कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्यांच्या आधी ह्या संपाचं पान उघडावं. १८८५ च्या सुमाराला कालवा वाहता झाला, पुढं भाटघरचं धरण भरलं. शंभर मैलांच्या आसपासची ही रेघ ज्यांनी घमेल्यानं ओढली त्यांत महार-मांग-रामोशी-वडार किती होते ह्याची मोजदाद कुणी केलेली मला दिसली नाही. पण भुकेनं मरायला टेकलेल्यांत सगळ्यात आधी कोण असतं हे समजायला आकडा लागत नाही. पाणी आलं. ऊस आला. सासवडकडचे माळी ऊस लावायला आले, मराठ्यांनी त्यांचं बघून लावला. विश्वेश्वरय्यांनी ह्याच कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली, पाण्याची पाळी ठरली. खणणाऱ्याची पाळी काही आली नाही.

मग १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद शेठ इंदापूर तालुक्यात कळंबला आले. माळरानावर ऊस, साखर कारखाना, वालचंदनगर. आज तिथल्या कारखान्यात अणुभट्टीचे आणि रॉकेटचे भाग बनतात, इस्रोच्या यानाला लागलेला पत्रा आमच्या तालुक्यात वाकवला गेलाय. चांगली गोष्ट आहे. मी फक्त जमिनीचं बोलतो. कारखान्यांनी शेतकऱ्यांकडनं खंडानं घेतलेल्या जमिनी १९६१ च्या सीलिंग कायद्यानं काढून घेतल्या आणि १९६३ ला शेती महामंडळ झालं. आपल्या लोकांना वाटलं, आता सरकारची जमीन, कसणाऱ्याची होईल. झाली का? महामंडळाच्या मळ्यांवर तीन पिढ्या खुरपणी, तोडणी, पाणी धरणं करणाऱ्यांत आपलीच माणसं. खंडकऱ्यांनी लढा दिला, २०१२ नंतर त्यांना जमिनी परत मिळाल्या. त्यांच्या आज्यानं खंडावर दिलेली जमीन होती, मिळाली, त्यांच्या लढ्याला माझा विरोध नाही. पण मळ्यावर राबलेला कामगार अजून दोन गुंठे घराच्या जागेसाठी मोर्चा काढतो. चाळी पडायला आल्यात. म्हंजे ज्याच्या आज्याचं नाव कागदावर होतं त्याच्याकडं जमीन वळून आली, ज्याच्या आज्याचा घाम होता त्याला सांगितलं, जागा खाली कर.

सहकाराचं तर विचारू नका. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर, मग बिजवडी, मग शहाजीनगर. शेतकऱ्यांच्या मालकीचे कारखाने! खरंय. शेअर घ्यायला ऊस लागतो, ऊसाला पाणी लागतं, पाण्याला जमीन लागते, जमिनीला १८३६ च्या कागदावर नाव लागतं. लोकशाहीची साखळी कशी अखंड आहे बघा. ऊस तोडायला बीड, जालना, नगरकडनं टोळ्या येतात. उचल घेऊन, बैल घेऊन, पोटुशा बाया घेऊन. त्यांच्या कोप्या कारखान्याच्या मागं चिखलात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ साली पेपरात आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं चुकचुक केली. खाडा पडू नये म्हणून पिशवी काढायची. ते बीडचं दुखणं म्हणून छापलं गेलं. ऊस मात्र आमच्या पट्ट्यातलाही होता. मुंबईच्या कपात साखर घालताना कुणी हे बोलत नाही, आणि खरं सांगतो, यार्डात पोतं उचलताना मीही बोलत नाही, दम लागतो.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. आज्जीनं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ली. आजोबा मुंबईला गोदीत कोळशावर लागले. म्हंजे गोदी आमची वडिलोपार्जित इस्टेट! दुष्काळातच तालुक्यात पाझर तलावाची कामं निघाली, पुढं त्याचा मोठा गवगवा झाला. तलाव झाले हे खरं. पाझर ज्याच्या विहिरीत उतरला तो बागायतदार झाला. आज्जीची विहीर नव्हती.

पण त्याच १९७२ नं आपल्याला दुसरी एक गोष्ट दिली. इंदापूर तालुक्यातलं बावडा गाव. नीरेच्या काठचं, सधन. त्या गावात बौद्धांवर बहिष्कार पडला. दुकानात माल नाही, रानात काम नाही. राज्यातल्या मंत्र्याचं गाव, आणि बहिष्काराच्या संबंधात मंत्र्याच्या भावाचं नाव उघड घेतलं गेलं. त्याच मे महिन्यात परभणीच्या ब्राह्मणगावात आपल्या दोन बायांची नागडी धिंड काढली होती. मुंबईतली आपली लिहिणारी पोरं, ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, ह्यांचं रक्त ह्या बातम्यांनी उकळलं आणि त्या वर्षी दलित पँथर उभी राहिली. आज पँथरवर पोरं पीएचडी करतात, न्यूयॉर्कचे ब्लॅक पँथर, कामाठीपुरा, वरळी सगळं लिहितात. बावड्याचं नाव एका ओळीत उरकतात. माझा राग आहे तो ह्याच्यावर. चळवळीची ठिणगी इंदापूरच्या मातीतली होती, आणि इंदापूरच्या पोराला चळवळ मुंबईहून आली असं वाटतं! नीरेच्या पलीकडं फलटणला बेबीताई कांबळे दुकानाच्या गल्ल्यावर बसून 'जिणं आमुचं' लिहीत होत्या. एक नदी ओलांडली की एवढा ऐवज. आपण मात्र पुण्या-मुंबईच्या स्टेजकडं बघत बसलो.

बहिष्कार आता तसा पडत नाही. आता कुणी दवंडी देत नाही. दळण उशिरा मिळतं, कामाला दुसरे बोलावले जातात, सोसायटीचं कर्ज 'पुढल्या मीटिंगला' जातं. मी माझ्या गावाचं नाव ह्या लेखात लिहीत नाही, त्याचं कारण एवढंच. आई अजून तिथं राहते.

उजनीचं राहिलं. १९६९ ला काम निघालं, १९८० ला धरण पुरं झालं. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतची काठावरची गावं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ दुष्काळाच्या साली पाण्यातनं वर येतं, मग पुण्याचे फोटोग्राफर येतात, "हजार वर्षांपूर्वीचा वारसा" म्हणून मथळे येतात. देवळाभोवती गाव होतं, गावाला महारवाडा होता, मांगवाडा होता. तो वर येत नाही, कारण दगडाचा नव्हता. कुडाचा होता. भरपाईचा हिशोब सातबाऱ्यावर झाला. ज्याचं नाव नाही त्याचं काय बुडालं म्हणायचं? गावकीची भाकरी बुडाली, काठावरचा भाजीचा वाफा बुडाला, मेलेल्यांची माती बुडाली. ह्यातल्या कशालाच आकार नव्हता, म्हणून दर नव्हता.

लोकजीवन लिही म्हणाल तर तुकोबांची पालखी घ्या. बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. काटेवाडीला परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगरांची मेंढरं पालखीभोवती गोल पळतात. बघायला फार देखणं असतं, मी लहानपणी कट्ट्यावर उभं राहून बघितलंय. पण मी म्हणतो, ज्याचं त्याचं काम देवाच्या दारातही चुकत नाही! परटानं धोतर अंथरायचं, धनगरानं मेंढरं पळवायची. आम्ही बौद्ध झालो आणि ह्या यादीतनं नाव काढून घेतलं, त्याचा गावाला आजतागायत राग आहे. गावाचा राग आमच्या गरिबीवर नाही. "ह्यांनी काम सोडलं" ह्यावर आहे. तुकोबांशी आमचं भांडण नाही. तुकोबा आम्ही वाचतो, गावापेक्षा जास्त वाचतो.

आणि घरातलंही एक बोलतो, राग आला तर येऊ द्या. चौदा एप्रिलला आपण डीजे लावतो, कमान लावतो, कमानीवरनं पोलीस केस अंगावर घेतो. त्याच गावात मांगवाड्यात नळ नाही, त्यासाठी आपण एक अर्ज केलाय का? हलगी त्यांनी वाजवायची, नाचायचं आपण. गावानं आपल्याला जे केलं ते आपण अर्ध्या मापानं त्यांना करतोय. असली चळवळ मला नको.

आता वतनाकडं येतो. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, जमीन आकाराच्या काही पट रक्कम भरून कसणाऱ्या वतनदाराला परत मिळाली, पण नवीन शर्तीनं. भोगवटादार वर्ग दोन. कलेक्टरच्या परवानगीशिवाय, नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. ज्यांनी रक्कम भरली नाही त्यांची सरकारजमा झाली. ज्यांनी भरली त्यांची? कुणी पोरीच्या लग्नाला पाचशे रुपयांवर नव्व्याण्णव वर्षांचा मक्ता करून दिली. कुणी साठेखत, कुणी कुलमुखत्यार, कुणी नुसता स्टँपावर अंगठा. कब्जा गेला, नाव राहिलं. पाणी आल्यावर त्याच रानात दुसऱ्याचा ऊस उभा. माळरान, पडीक, कुसळाची म्हणून ज्या जमिनी आपल्या पदरात टाकल्या होत्या, त्या नेमक्या गावाच्या शिवेवर, रस्त्याकडंला, ओढ्याकडंला. आणि आता रस्त्याला सोन्याचा भाव आला.

२०२१ ला पायाभरणी झालेला पालखी महामार्ग बारामती-इंदापूरवरनं गेला. भूसंपादन झालं. त्या दिवसापासनं आमच्या वस्तीत पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. पन्नास वर्षांत ज्यांनी ओटा चढला नव्हता ते "काय पाव्हणं, बरं हाय का" म्हणत चहा प्यायला लागले. हातात कोरे कागद. एका नंबरात शंभर-शंभर वारस, निम्मे मुंबईत, काही पिंपरीत, काही मेलेले. एकाला पन्नास हजार देऊन सही, दुसऱ्याला दारू पाजून सही. आमच्या चुलत्याकडनं असाच कागद करून घेतलाय. एका कचेरीत मी तीन वेळा जाऊन आलो, दर वेळी पगार बुडवून. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा नोंदवही सापडत नाही, तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, "तुमचा काय संबंध? तुम्ही समस्तमधले का?" त्यानं विनोद केला होता. बाकीचे हसले.

२०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यात मुंढव्याची ४० एकर महार वतनाची जमीन पेपरात गाजली. चौकशा बसल्या, व्यवहार रद्द करायची भाषा झाली. चाळीस एकर होती, पुण्यात होती, मोठी नावं होती, म्हणून गाजली. आमच्याकडं चाळीस गुंठे, वीस गुंठे, अकरा गुंठे. त्याची चौकशी कोण बसवणार? गायरानाचं तसंच. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली. १९९१ ला सरकारनं चौदा एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा ठराव काढला. किती गावांत सातबारा झाला? २०२२ ला हायकोर्टाकडनं गायरानं मोकळी करायचा बडगा आला तेव्हा पहिली नोटीस कुणाच्या झोपडीवर चिकटली ते गावोगाव जाऊन बघा.

तेव्हा दोस्तहो, कविता आपण लिहूच. मीही लिहितो, कंटेनरच्या सावलीत बसून, बिडीच्या पाकिटावर. पण ह्या उन्हाळ्यात सुट्टीला गावी जाल तेव्हा एक काम करा. आपल्या नंबराचा सातबारा नुसता मोबाईलवर बघून भागणार नाही, तो आजचा कागद आहे. मागं जा. फेरफार काढा, १९५९ नंतरच्या रिग्रँटचा हुकूम काढा, कडईपत्रक काढा, जुनं इनाम पत्रक काढा. चुलत-मालत सगळे एकत्र बसून वारसांची यादी करा, बायकांची, लेकींची नावं त्यात घाला. त्यांना गाळलं की एजंट नेमका त्याच भोकातनं आत येतो. कुणीही एकट्यानं सही करायची नाही. आणि कचेरीत एकट्यानं जायचं नाही, दहा जणांनी जायचं, अर्जावर पोच घ्यायची, कारकुनाचं नाव विचारायचं.

एक अडचण आहे. फार जुने कागद मोडीत असतात. मोडी आता ज्यांना वाचता येते ते मोजके, आणि पानाला पैसे मागतात. सरकारच्या पुराभिलेखागाराकडनं मोडीचे वर्ग होतात, परीक्षा होते. दोन्ही तालुक्यांतनं आपली पाच-सात पोरं-पोरी त्या वर्गाला बसली पाहिजेत. मी स्वतः बाराखडी गिरवायला घेतलीय, रात्रपाळी नसेल तेव्हा. 'समस्त' हा शब्द मोडीत कसा दिसतो ते आता मला ओळखता येतं. त्याच्या खालची नावं अजून लागत नाहीत. ज्याला लागतात त्यानं अंकाच्या पत्त्यावर कळवावं, मी आजोबांच्या वेळची तीन पानं घेऊन येतो.